हाडकी

सोलापुरात, रेकॉर्ड रूमच्या बाहेर
मोडी वाचणारे तडवळकर काका
पानामागे पन्नास रुपये घेतात.
चष्मा कपाळावर ढकलून, कागद डोळ्यांशी धरून
वाचतात माझ्या पणज्याचं नाव:
सिदू वल्द राणू, येसकर.
शेत हाडकी, चार एकर नऊ गुंठे.
‘पुढं?’
‘पुढं वाळवी.’

ह्याच सिदूनं गावचा सारा
थैलीत घालून, थैली डोक्यावर,
सीना उतरून, रातचं चालून
इथल्याच खजिन्यात आणून पोचवला.
एक पै कमी भरली नाही,
आई सांगते, जणू ती मोजायला होती.

मग कायदा आला.
वतन गेलं, जमीन तुमची,
आकाराच्या काही पट भरा, मुदतीत.
नोटीस चावडीच्या भिंतीला डकवलेली.
चावडीची पायरी आम्हाला नव्हती.
त्या दिवशी दवंडी मात्र माझ्या आज्यानंच दिली,
वेशीपासून मारुतीपर्यंत घसा फोडून,
पाटलानं सांगितली तेवढीच:
मोकाट ढोरं कोंडवाड्यात जातील, ऐका हो.

तलाठी भाऊसाहेब वाईट नाहीत.
चहा मागवतात, कागदी कपात;
आता सगळ्यांनाच कागदी.
स्क्रीन माझ्याकडे वळवतात.
भोगवटादार तिघं भाऊ, एकच आडनाव.
इतर हक्कांत विहीर, पाइपलाइन, सोसायटीचा बोजा.
‘सिदू कुठंच येत नाही, ताई.’
विकायला परवानगी लागत होती ना कलेक्टरची?
कुठल्या साली दिली? कुणाला?
ते माऊस हलवत राहतात.
‘फेरफार सापडला तर बघू.’

वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात
शेताचे स्थानिक नाव:
हाडकी.
खोडायचं राहिलं असेल.
किंवा खोडून करणार काय,
धनीसुद्धा गड्याला तसंच सांगतो,
हाडकीतली मोटर चालू कर रे.

बाहेर येऊन आईला फोन लावते.
‘कुठं हाईस?’
‘हाडकीत. खुरपाय.’
साडेपाचपर्यंत, तीनशे रुपये.
‘घावलं का काय?’
‘नाव घावलं.’
ती काहीतरी म्हणते. उसाचं पातं वाजतंय,
आणि मुकादम, पाठीमागून.
‘मोठ्यानं बोल गं,’ ती म्हणते,
‘हितं ऐकू येत नाही.’