गुर्रम, दोन र

माईक भाड्याचा, जनरेटर मेहुण्याचा,
आवाज तेवढा माझा.
बारा वर्षं झाली. डिसेंबर आला की
अशोक चौकामागच्या मैदानावर
चुन्याच्या रेघेला लागून टेबल टाकतो
आणि पोरांची आडनावं हवेत सोडतो.

फुटबॉल मला टीव्हीनं शिकवला.
रात्री दीडला, आवाज बारीक करून,
बायको झोपलेली,
मी वहीत लिहीत बसायचो.
पोलंडचा एक गोलकीपर:
चार व्यंजनं एकाला एक चिकटून
रेशनच्या रांगेत उभी,
मध्ये स्वराला घुसू देत नाहीत.
म्हणायचं मात्र एका दमात, ब्झेश्चिक.
स्पॅनिश असेल तर ज चा ख करायचा,
घशात धूळ गेल्यासारखा.
पोर्तुगीज नाव म वर संपलं
तरी ओठ मिटायचे नाहीत,
नाकानंच निरोप द्यायचा.
क्रोएशियाच्या पोरांच्या शेवटी हलका च,
कढईत एकच मोहरी तडतडावी तेवढा.
पाठ केलं सगळं.
सोलापुरात कुणी विचारणार नव्हतं, तरी.

त्या वर्षीची फायनल.
अकरा नंबरचा पोरगा, काटकुळा, उजवीकडून पळणारा.
यादी इंग्रजीत. मी वाचलं: गुरम.
पुढच्या पळीला गुरव.
तिसऱ्यांदा तोंडातून निघालं, गरम.
गर्दीतून कुणीतरी ओरडलं,
‘दोन हाफ दे बे!’
मैदान हसलं. मीही हसलो, माईकवर.
पोरानं दोन गोल मारले.
दोन्ही मी
नसलेल्या माणसांच्या नावावर घातले.

मॅच संपल्यावर एक बाई टेबलापाशी आली.
काखेत सूप, बोटं तंबाखूनं पिवळी,
कारखान्यात विड्या देऊन तशीच आलेली.
‘काय म्हणलालाव ओ मघापासनं?
गुर्रम. दोन र हायती.
एक र घरी ठिवून आलाव का?’
मी म्हणून दाखवलं.
‘न्हाई.’
परत.
‘न्हाई. माग बंद करताना
शेवटी कसा गुरगुरतो? तिथं थांबा जरा.
मग सोडा.’
आणि जाता जाता, सूप सावरत,
‘आमच्यात गुर्रम म्हणजे घोडा.
तुम्ही त्याचे दोन पाय कापलाव.’

मी बागवान.
बँकेच्या पासबुकात दोन वर्षं
मी भगवान होतो.
खिडकीतला माणूस म्हणाला होता,
बढतीच झाली की, कशाला बदलता?
ते मला त्या रात्री आठवलं,
वायरी गुंडाळताना.

घरी वही काढली.
ब्झेश्चिकच्या खाली जागा होती.
लिहिलं: गुर्रम.
मग चिट्याल. येलदी. बोद्धुल. दुडम.
शेजारच्या अंबादासला झोपेतून उठवून
एकेक म्हणवून घेतलं.
तो म्हणाला, येड लागलंय का बे तुला,
पण बोद्धुलच्या ध वर
त्यानंच मला तीनदा अडवलं.

पुढच्या डिसेंबरला यादीत
अकरा नंबरवर दुसरंच कोणी.
तो पुण्याला लागला म्हणे, कुठल्याशा कंपनीत.
गेटवरचा माणूस त्याला
काय हाक मारतो, कुणाला ठाऊक.

भोंगे बांधून झाले की
सगळे साउंडवाले हॅलो हॅलो म्हणतात,
एक दोन तीन म्हणतात.
मी रिकाम्या मैदानाकडे तोंड करून
गुर्रम म्हणतो.
वायर नीट जोडली असेल
तर दोन्ही र ऐकू येतात.