हातचा

वजन आठशे साठ ग्रॅम.
मी मुद्दाम तोललं, कायनाच्या दुकानात,
राईच्या पावाच्या तराजूवर.
दुकानदारीण वाइके म्हणाली,
कापून देऊ, की अख्खाच नेतेस?

याआधी माझ्या गाडीत अकरा फायली असायच्या,
वळणावर एकमेकींच्या अंगावर पडायच्या,
कुणाची साखर कुणाच्या रक्तदाबात मिसळायची.
आता बेटाचा हा सगळा पश्चिम कोपरा
माझ्या कोटाच्या खिशात आहे.
खोक्यावर लिहिलंच होतं, खिशात मावतो.
कुणाच्या खिशात ते लिहिलं नव्हतं.
मी खिसा उसवला, मोठा करून शिवला.

खोटं कशाला बोलू?
हिल्याच्या टाचेची जखम
मी तिच्या स्वयंपाकघरातूनच केर्दलाच्या डॉक्टरला दाखवली,
आणि चुलीवरचे बटाटे शिजायच्या आत
औषध बदलून आलं.
पूर्वी एवढ्यासाठी एक अख्खा दिवस जायचा.
हिल्याचा तर कदाचित पायही.

पण हा मध्येच विचारात पडतो.
मग त्याच्यातला पंखा घुरघुरायला लागतो
आणि म्हातारी माणसं दचकून
माझ्या पोटाकडे बघतात.
बर्फावर ऊन पडलं की पडद्यावर
मला माझंच नाक दिसतं, बाकी काही नाही.
कळा इतक्या बारीक
की एकशेवीसचे बाराशे होतात
आणि यंत्र अदबीनं विचारतं,
रुग्ण हयात आहे का?

हातमोजा घातला तर माझं बोट त्याला कळत नाही.
काढला तर माझं बोट मलाच कळत नाही.

फेब्रुवारीत त्याची तीन तासांची बॅटरी
चाळिसाव्या मिनिटाला मान टाकते.
गाडीपासून दारापर्यंत मी त्याला काखेत धरून नेते,
थंडीनं गारठलेलं पिल्लू न्यावं तसं.
रस्त्यात कुणी भेटलं की विचारतात,
खांदा दुखतोय का, सिस्टर?

क्योपूच्या वाटेवर शेवटचं घर एंडेलचं.
चाळीस वर्षं त्यानं मासळीच्या वखारीत
पिंपांचे हिशेब पेन्सिलीनं लिहिले.
मी टोचणीसारखी ती काडी पडद्यावर टेकवत होते,
झोप कशी लागते, भूक कशी आहे,
खुणा करत खाली, अजून खाली.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, तुला हात किती?
दोन.
एकानं ते धरलंयस. दुसऱ्यानं त्याला टोचतेयस.
माझी नाडी कुठल्या हातानं बघणार?

उत्तर द्यायची वेळ आली नाही.
पडदा आपणहूनच काळा झाला.

मग मी तो चुलीच्या कठड्यावर ठेवला, ऊब लागेल अशा बेतानं,
आणि एंडेलचं मनगट धरलं.
घड्याळातला काटा पुढे सरकत होता.
बहात्तर. तळहातावर पेनानं लिहिलं.
रक्तदाब अंगठ्याच्या खाली लिहिला.
एक मिनिट केव्हाच संपलं होतं,
पण त्यानं हात काढून घेतला नाही,
मीही नाही.
बर्चचं एक लाकूड मध्ये तुटून निखाऱ्यांत पडलं.
तो म्हणाला, बायको गेल्यापासून
नाडी बघायला येणारी तू एकटीच.

रात्री घरी वायर जोडली.
यंत्र जागं झालं, त्यानं कशाची तक्रार केली नाही.
तळहात दिव्याखाली धरून मी आकडे उतरवले.
शेऱ्याच्या चौकटीत साठच अक्षरं मावतात.
मी आधी लिहिलं, मग खोडलं,
शेवटी, ठीक आहे, असं लिहिलं.

शाळेत बेरीज शिकवताना बाई सांगायच्या,
रकान्यात मावेल तेवढं खाली मांडा.
उरलं ते हातचं.
ते विसरलात तर बेरीज चुकते,
आणि कुठे चुकली ते कागदावर कधीच दिसत नाही.

मंगळवारी परत जायचंय.
यंत्र नेणारच, हिल्याची टाच अजून भरलेली नाही.
एंडेलच्या दाराशी मात्र
काखेतून काढून आधी चुलीपाशी ठेवीन.

तळहातावरचं बहात्तर तीन दिवस झाले तरी आहे.
साबणानं गेलं नाही. मीही फार घासलं नाही.