पेटी क्रमांक तीनशे बारा

दगडाच्या कांड्या पेटीत रचायच्या, हे माझं काम.
उसाच्या कांड्या रचाव्यात तशा, पण बुडखा-शेंडा विसरायचा नाही:
निळी रेघ डावीकडे, तांबडी उजवीकडे,
टोकावर पेननं खोली.

पाच महिने नुसता काळा.
काळा, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा,
लाव्हा दमला होता तेवढ्या वेळात साठलेली धूळ,
मग पुन्हा काळा.
रात्रपाळीचा मुबारक म्हणायचा,
कोयनेच्या खाली कोयनाच असणार, दुसरं काय निघायचंय?

आणि एका मंगळवारी नळीतून घसरत आली
गुलाबी कांडी.
चहाला गेलेले कप हातात घेऊनच पळत आले.

ईप्सिता मॅडमनी माझा अंगठा धरून सांध्यावर ठेवला.
वरचं साडेसहा कोटी वर्षांचं, म्हणाल्या,
खालचं अडीचशे कोटी.
मग मधलं?
मधलं नाही.
बोटभर गाळसुद्धा नाही, अंगठ्याखाली एक केसाएवढी रेघ
आणि त्या रेघेत एक अख्खा डोंगर गायब.

सह्याद्री नव्हे. सह्याद्री ही पठाराची तुटकी कड.
खरा डोंगर, वळ्या पडलेला, दोन भूखंड एकमेकांवर चढून झालेला.
समुद्राचा तळ खाली सरकला, पाणी पोटात घेऊन,
आणि ते पाणी वरच्या खडकात झिरपलं.
कोरडा खडक हट्टी, ओला लवकर वितळतो.
वितळला, वर निघाला, पण वर पोचला नाही.
डोंगराच्या मुळाशीच अडकून
लाखो वर्षं निवत राहिला.
काकवीची बरणी फडताळात विसरावी
आणि तळाशी खडे धरावेत,
तसे हे दाणे.
लाव्ह्याला तेवढी सवड कुठली? म्हणून त्याचे दाणे भिंग लावूनही दिसत नाहीत.

मग ऊन-पाण्यानं डोंगर झिजला. मूळ उघडं पडलं.
त्याच्यावर आमचा काळा दगड येऊन बसला,
भाडेकरूसारखा.

हे सगळं बहुधा, मॅडम म्हणाल्या.
त्यांच्या मराठीत सगळ्यात पक्का झालेला शब्द हाच.
भूखंड धडकले तेव्हाचा की त्याआधीचा,
ते याचं पीठ केल्याशिवाय कळणार नाही.

रविवारी आबांना शेडमध्ये घेऊन गेलो.
येल्लाप्पा धोत्रे, चाळीस वर्षं जाती-पाटे घडवले,
कऱ्हाडपासून विट्यापर्यंत घरोघर त्यांचे टाके.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून दगड कानानं बघतात.
नखानं टकटक केलं. ऐकलं. पुन्हा केलं.
"हितला न्हाय ह्यो."
आबा, हितलाच. हितल्याच्या खालचा.
बोटाला थुंकी लावून त्यांनी कांडी ओली केली,
आणि दाणे उजळले, दुधी, गुलाबी, मध्ये अभ्रकाची चमक.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "ज्यानं केलाय त्यानं घाई न्हाय केलेली."

ह्याचं पीठ करणार आहेत, मी सांगितलं.
ते हसले. तोंडात उरलेले चार दात दिसले.
"जन्मभर दगडानं दळलं.
दगूड दळायला न्हेत्यात, हे आज बघितलं."

बायको म्हणते ओट्याला ग्रॅनाइट बसवू,
दुकानात काळा कुळकुळीत स्वस्त मिळतोय.
तो ग्रॅनाइट नसतो, मी सांगतो.
मग नावाला का म्हणतात, ती विचारते,
आणि मला कोयनेखालून सुरुवात करावी लागते.

परवा पहाटे चारला हललं.
मोठं नाही, भांडी वाजण्यापुरतं.
आमच्याकडे अशा वेळी लोक कूस बदलून झोपतात.
पण आता मला ठाऊक आहे कुठे हललं ते,
काळ्याच्या खाली, त्या गुलाबीत,
जुन्या डोंगराच्या तुटलेल्या मुळात.

सकाळी शेड उघडली.
तीनशे बारामधली एक कांडी कलंडली होती,
निळी रेघ उजवीकडे.
मी ती उचलली. गार होती.
पुन्हा नीट ठेवली.