गुरुवारचा कप्पा

रविवारी संध्याकाळी बातम्या संपल्या की
भालचंद्र डबी भरायला बसतो.
सात कप्पे, सात इंग्रजी अक्षरं,
त्यात टी दोन, एस दोन,
म्हणून त्याने वर चिकटपट्टी लावून
बॉलपेनने लिहिलंय: सो मं बु गु शु श र.
गालिच्यांच्या कारखान्यात जन्मभर
रंगांची मापं घेतलेला हात,
गोळीसुद्धा चिमट्याने उचलतो.

बी-बारा तांबडी, विटकरीकडे झुकणारी.
डी म्हणजे थेंबभर पिवळं तेल,
किडरमिन्स्टरला नोव्हेंबरात मिळतं
साधारण तेवढंच ऊन.
मॅग्नेशियम खडूसारखं, घशात रेंगाळणारं,
ते झोपेसाठी.
आणि मेंदूसाठी माशाचं तेल,
रेवतीने ब्रिस्टलहून धाडलेलं.
देवांच्या शेजारीच त्याची बरणी.
सोवळं केव्हाच सुटलं.

औषधांच्या दुकानातली सेरेन, वेल्सची, कोवळी पोर,
माझ्या रक्ताचा कागद वाचून म्हणाली,
बी-बारा कमी आहे खरं, ते घ्या.
बाकीच्यांनी अपाय नाही.
उपाय?
तिने खांदे उडवले आणि हसली.
मला आवडली ती.
भालचंद्राला नाही.
उपायाच्या दुकानात बसून माणसाने
इतकं खरं बोलू नये, म्हणाला.

रात्री तीनला मी जागीच.
सत्तावीस वर्षं इथल्या पोस्टात टपाल निवडलं,
म्हणून डोकं शाबूत आहे का ते बघायला
अंधारात पोस्टकोड म्हणते:
डीवाय दहा, डीवाय अकरा,
बारा म्हणजे ब्यूडली,
तेरा म्हणजे
तेरा म्हणजे
नदीकाठचं ते, जत्रेतल्या पाळण्यांचं,
जिथे रेवतीच्या हातातलं आइस्क्रीम
हंसाने ओढून नेलं,
तिचा पिवळा स्वेटर दिसतो, तो हंससुद्धा दिसतो,
नाव तेवढं येत नाही.

मी कूस बदलत नाही.
श्वास लांब करते, मधूनच हलकं घोरते.
त्याला वाटावं, मॅग्नेशियम लागू पडलं.
चिमट्याने उचललेल्या गोळीचा
एवढा तरी मान ठेवायला हवा.

मागच्या आठवड्यात गुरुवारचा कप्पा उघडला
तर आत तांबड्या तीन.
शुक्रवार रिकामा, विसळून ठेवल्यासारखा.
थेंबभर रंग जास्त पडला
तर अख्खा घाणा परत पाठवणारा हा माणूस.
मी बोलले नाही काही.
एक गोळी शुक्रवारात टाकली, एक बरणीत,
आणि तेव्हापासून दर रविवारी
तो दात घासायला गेला की
आठवड्यावरून बोट फिरवून घेते,
पत्ता चुकलेलं टपाल शोधावं तसं.

काल रात्री मी माझं घोरणं
नीट बसवून घेत होते,
तेव्हा लक्षात आलं,
शेजारीही फार नेटकं चाललंय.
एका मापात. चढ नाही, उतार नाही.
त्याचं खरं घोरणं मी पन्नास वर्षं ऐकतेय,
ते धागा तुटलेल्या मागासारखं
अडतं, थांबतं, दचकून पुन्हा सुरू होतं.
झोपलेल्याला जागं करता येतं म्हणतात,
सोंग घेतलेल्याला नाही.
सोंगं दोन असली तर काय करायचं,
ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

मी छताकडे बघत विचारलं,
तेरा म्हणजे काय रे?
डोळे न उघडताच तो म्हणाला,
स्टाउरपोर्ट.
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर दूधवाल्याची गाडी गेली असावी,
किंवा कोल्हा.
मग त्याच आवाजात, तसाच उताणा:
शुक्रवार तू भरलास ना?

खाली येऊन दूध तापवलं.
जायफळ किसायचं दोघंही विसरलो.
आठवलं तेव्हा
पेले धुऊन झाले होते.