बाजूचा फोटो

कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, श्वास धरा.
दस्तगीर चाचा असा धरतात,
जणू पलीकडे कुणी तार पिळतंय.

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
अकरा वर्षं मी माणसांना आडवं करते.
छाती, मनगट, खुबा.
माकडहाड क्वचित.
ते दुखणारा माणूस आधी हसतो, मग लाजतो,
आणि बाक रिकामा असूनही
उभाच राहतो.

पडद्यावर उमटतं:
त्रिकास्थीचं फावडं, त्याच्या टोकाला चार मणी,
खालचे दोन वितळून एक झालेले,
आत वळलेले.
कुणाला त्यात कोकिळेची चोच दिसली होती म्हणे,
आपल्याला माकड दिसलं.
मला वाटतं, शेपूट घालणं ते हेच.
एकदा घातलं,
कोट्यवधी वर्षांत बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

पडला होतात?
"नाही. बसलो होतो."
त्रेपन्न वर्षं, सतारमेकर गल्लीत,
फळीवर, मांडीत भोपळा घेऊन.

फोटो बघायला मागतात. सहसा कुणी मागत नाही.
"याला काय काय चिकटलंय?"
मी सांगते: मागून कुल्ल्याचा मोठा स्नायू,
वरून उतरलेले बंध,
आणि ओटीपोटाखालची सगळी झोळी,
जिच्यात आतडी, मूत्राशय, बायकांचं गर्भाशय तोललेलं,
तिची एक गाठ इथं.

ते पडद्यावर बोट टेकवतात. पुसायचं राहून गेलं, तो ठसा अजून आहे.
"लंगोट है ये."

सतारीच्या बुडाशी हाडाचा एक तुकडा.
सगळ्या तारा तिथंच बांधतात.
कौतुक घोडीचं, जवारीचं, पडद्यांचं;
लंगोट बघायला कोण वाकतंय?
"निसटला ना बेटा, तर एकदम सगळं मुकं."

डॉक्टरांनी लिहून दिलं: मधे भोक असलेली गादी.

महिन्याभरानं रिपोर्टाची राहिलेली प्रत द्यायला गेले.
गल्लीत लाखेचा वास, दारात लाकडाचा भुसा.
भोपळा लवंडू नये म्हणून त्याच्याखाली
चिंध्यांची चुंबळ ठेवतात;
ती चाचांच्या बुडाखाली होती,
आणि भोपळा भिंतीला टेकून, बिचारा, उघड्या फरशीवर.
"इतकी वर्षं त्यालाच दिली," म्हणाले,
"मला सुचलंच नाही."

पहिली तार लंगोटाला अडकवली,
दोनदा ओढून पाहिली.
"धरतंय."
कुठलं हाड, ते मी विचारलं नाही.