तोंड पाहणं

बेलेंमच्या सरकारी इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मी एकटीच दातांची डॉक्टर.
बाकीचे सगळे जीव वाचवतात.
माझी ट्रॉली सगळ्यांत लहान, तिचं एक चाक कुरकुरतं,
नर्स म्हणतात, आलं बघा मांजर.

नऊ नंबरला देउझारिना.
वय चौसष्ट, व्हेंटिलेटरचा सहावा दिवस.
कागदावर तिचं सगळं मांडलेलं:
लघवी किती, पोटॅशियम किती,
बुबुळं उजेडाला कशी वागतात.
तोंडाच्या रकान्यात एक तिरपी रेघ.

मी टॉर्च लावला.
नळी बांधलेल्या पट्टीनं ओठाचा डावा कोपरा चिरलेला,
खालच्या ओठावर नळी टेकून टेकून
मसुरीएवढा व्रण,
जिभेवर साय, पण दुधाची नव्हे;
आटलेल्या विहिरीच्या तळाशी राहतो
तसा पिवळट, भेगाळलेला थर.
वासाबद्दल कुणी लिहीत नाही.
मी एवढंच लिहिते: माझ्यासोबतचा शिकाऊ मुलगा
खिडकीकडे बघायला लागला,
आणि या खोलीला खिडकी नाही.

उजवीकडे, दोन दाढांच्या फटीत,
एक हिरवा धागा.

जांबूचं पान.
कोपऱ्यावर टाकाका विकायची ती, मुलगी सांगते,
भोपळ्याच्या वाडग्यात उकळता आंबट रस्सा, सुकी कोळंबी,
आणि ही पानं, चावली की ओठांना मुंग्या येतात,
दात दुखला तरी लोक हीच चघळतात.
त्या संध्याकाळी पातेल्याची चव घेता घेताच कोसळली.
म्हणजे सहा दिवस
तिच्या तोंडात तो शेवटचा घास होता
आणि कुणाला पत्ता नव्हता.

डॉक्टर वाल्डेसिर चांगले आहेत, थकलेले आहेत.
म्हणाले, आधी फुप्फुस, मग किडनी,
वेळ उरला तर दात.
दात कोरून पोट भरत नाही, कबूल.
पण न कोरलेल्या दातांमधून
फुप्फुस भरतं, डॉक्टर,
थेंब थेंब, नळीच्या कडेकडेनं, रात्रीचं.

खाट तीस अंश वर. सक्शन.
लहान मुलांचा मऊ ब्रश, बोळे, गॉज.
देउझारिना, आता डावीकडे येते हं.
आता जरा गार लागेल.
झालं, झालं, एवढी एक दाढ.
(ऐकू येतं की नाही, माहीत नाही.
माझ्या हाताला मात्र बोलल्याशिवाय जमत नाही.)
खालचा पुढचा दात श्वासानंही हलायचा,
निखळला असता तर थेट श्वासनळीत.
शेजारच्या दाताशी रेशमी दोऱ्यानं बांधला,
अवखळ वासरू खुंटीला बांधावं तसा.

बाहेर बाकावर मुलगी, जुसिनेज.
तिच्या पर्समध्ये कागदी रुमालात गुंडाळलेले
आईचे वरचे चार दात.
“हे बसवा ना. हिला असं
बाबांनीसुद्धा कधी पाहिलं नाही.”
मी म्हटलं, अजून नाही.
झाकणाच्या डबीत पाणी घातलं, वर नाव लिहिलं,
आणि मग तिला काय सांगावं ते सुचेना.

बाराव्या दिवशी नळी निघाली.
ओला स्पंज ओठांना लावला,
तिनं तो चोखला, वासरासारखा,
डोळे मिटून, तोंडात घोळवून.
मग वाळू घासल्यासारखा आवाज आला.
आम्ही तिघी वाकलो.
देवाचं नाव घेईल वाटलं.
“मीठ कमी आहे,” म्हणाली.

त्याच दिवशी चार नंबरचा पोरगा गेला.
रोज दोनदा साफ करत होते मी त्याचं तोंड,
तरीही गेला.
त्याची आई सांतारेंहून बोटीनं निघाली आहे,
दोन रात्रींची वाट,
शेवटचं तोंड पाहायला.

नर्स म्हणाली, आता कशाला?
मी कोमट पाणी मागवलं.
ओठांवरचं रक्त सुकलं होतं,
ते सुटायला
वेळ लागतो.