नाव सांग

हिओस बेटाच्या दक्षिणेला, जुलै सरता सरता,
मार्केला झाडाखालचा पाचोळा खराट्यानं काढते,
चाळून घेतलेली पांढरी माती पसरते,
मग गुडघे टेकून सालीला टोचणी लावते.
फार खोल नाही.
झाडाला कळेल, इतपत.

लिंदिता अल्बानियाची. इथं येऊन तीन आठवडे.
ग्रीक चाचपडत बोलते, कमरेला वही खोचलेली.
सालीवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बोट करते: नाव सांग.
'दाक्री.' मार्केला स्वतःच्या डोळ्याखालून
गालावर बोट ओढून दाखवते.
'अच्छा. आमच्यात लोत.'
दोघी हसतात. झाडाला काय, ते आपलं गळतंच आहे.

मग दिवसभर हाच खेळ.
मानेवरून निथळतो, त्याचं नाव सांग.
अंजिराचं पान खुडलं की देठाशी पांढरा येतो,
बोटांना चिकटतो, मग रात्रभर खाजवतो, त्याचं.
टाकीच्या भिंतीतून येतं, आणि गवंडी तीनदा येऊन गेला
तरी कुठून येतं कळत नाही, त्याचं.
पावाच्या भट्टीचं दार उघडलं की
डोळ्यांना दिसत नाही, गालांना दिसते, तिचं.

दुपारी दोनला लिंदिताच्या सदऱ्यावर
दोन ओले डाग उमटतात.
मूल एल्बासानला, आजीपाशी. सात महिन्यांचं.
या वेळी उठत असेल.
लिंदिता नाव विचारत नाही.
मार्केला आपला एप्रन सोडून तिच्या हातात देते
आणि पुढच्या झाडाकडे जाते.

संध्याकाळी घरी, ओट्यावर, इसिदोरोस.
वणव्याच्या वर्षी टेकडीवरून धुराचे लोट उतरले,
त्याची दोनशे दहा झाडं एका रात्रीत गेली,
तेव्हापासून बोलत नाही. जेवतो. दाढी करतो.
पण त्याच्यातून काहीतरी येत राहतं,
भिंतींना बसतं, चादरींना, रांजणातल्या पाण्यालाही.
लिंदिता पायरीवर थबकते, नाक वर करते,
जसं कुठं काही जळतंय.
'याचं?'

मार्केला बराच वेळ कपाटात काहीतरी शोधते.
'ठाऊक नाही गं,' म्हणते.
'मी खिडकी उघडी ठेवते.'

लिंदिता वहीत आकडा घालते, चौदा,
आणि पुढं काही लिहीत नाही.
खिशातला गेल्या वर्षीचा एक खडा
म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवते.
तो तोंडात टाकतो. आधी कडूच लागतो तो, सगळ्यांना.
इसिदोरोस तोंड वाकडं करतो,
चावत राहतो.